‘तीन चालींत मात’ म्हणजे नेमकं काय सिद्ध करायचं?

बुद्धिबळाचं कोडं तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेलच. वर्तमानपत्राच्या पुरवणीत, मोबाइलवर, नाहीतर एखाद्या जुन्या पुस्तकात. चौसष्ट घरांचा पट, त्यावर मोजके मोहरे आणि खाली एक ओळ: ‘पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात’. आपण विचार करतो, चाल सापडते, उत्तराशी जुळते आणि आपण पुढे जातो.

पण ही एक ओळ दोन वेगळ्या गोष्टी सांगत असते. पहिली: काळ्याने काहीही केलं तरी तिसऱ्या चालीपर्यंत मात होते. दुसरी: दोन चालींत ती होऊच शकत नाही. पहिली गोष्ट दाखवायला एक वाट सापडली की पुरे. दुसरीसाठी ‘अशी वाटच नाही’ हे दाखवावं लागतं. कोडं सोडवणारे बहुतेक जण पहिल्या गोष्टीवर थांबतात, आणि संशोधनाच्या तयारीतले आपणही बऱ्याचदा तिथेच थांबतो. सिनॉप्सिसमध्ये ‘किमान वेळ’, ‘किमान खर्च’, ‘सर्वोत्तम पद्धत’ असे शब्द लिहिताना हात अडखळत नाही. मग समोरचे सर विचारतात, ‘यापेक्षा कमी का नाही?’ तेव्हा अडखळायला होतं.

म्हणून आज इतिहास बघू. ‘सगळ्यात लवकर मात कशी करायची’ हा प्रश्न आपल्याला नैसर्गिक वाटतो, पण तो कायम असाच विचारला जात नव्हता. तो आजच्या रूपात कसा आला, आणि त्याचं उत्तर ‘सिद्ध झालं’ असं म्हणायला किती काळ लागला, ते पाहण्यासारखं आहे.

मुंबई, १८१४

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. १८१४ मध्ये मुंबईत बुद्धिबळावरचं एक इंग्रजी पुस्तक छापून निघालं. लेखक होते त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ ग्रंथ संस्कृतात, नाव ‘विलासमणिमंजरी’. त्याचं हे इंग्रजी रूप. तेव्हा पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची गादी होती आणि पेशवाई संपायला चार वर्षं उरली होती.

पुस्तकाच्या लांबलचक नावातच दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. एक, यात मुख्यतः पटावरच्या बिकट स्थिती दिल्या आहेत. त्यांनी शिकणाऱ्याची तयारी व्हावी आणि स्मरणाला व्यायाम मिळावा हा हेतू. म्हणजे आजच्या भाषेत कोड्यांचा संग्रह. दोन, हे सगळं ‘युरोपी पद्धतीच्या खेळाला जुळवून’ दिलेलं आहे.

ही दुसरी गोष्ट वाचून घाईने पुढे जाऊ नका. जुळवून घ्यायची गरज का पडली? कारण नियम वेगळे होते. आपल्याकडच्या खेळात प्यादं साधारणपणे पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. युरोपी पद्धतीचं किल्लेकोट नव्हतं; त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असे. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचं काय व्हायचं, याचेही प्रांतोप्रांती वेगळे संकेत होते. आता विचार करा: पट तोच, मोहरे तेच, पण नियम बदलले तर ‘किती चालींत मात’ याचं उत्तर तेच राहील का? राहीलच असं नाही.

मी मानकोलीत राहते. उल्हास खाडीपलीकडचं डोंबिवली इथून नजरेच्या टप्प्यात, पण मोठागाव-मानकोली पूल होण्याआधी तिकडे जायचं म्हणजे कल्याण नाहीतर ठाण्याच्या बाजूने वळसा. तेव्हा ‘सगळ्यात जवळचा रस्ता कोणता’ याचं उत्तर एक होतं, आता दुसरं आहे. दोन्ही उत्तरं आपापल्या काळात बरोबर. कोणत्या वाटा उपलब्ध मानल्या आहेत हे न सांगता ‘सगळ्यात जवळचा’ म्हणणं मात्र अर्धवट आहे. त्रिवेंगडाचार्यांनी नियम कोणते ते पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलं. आपल्या शोधनिबंधात गृहीतकं कुठे लिहितो आपण? बहुतेक वेळा चौथ्या प्रकरणात, कुठेतरी मध्येच.

लवकर की मानाने?

जुन्या भारतीय खेळात आणखी एक गंमत होती. सगळ्या माती सारख्या मानल्या जात नसत. वजीर-हत्तीने कोणीही मात करील; प्याद्याने मात केली तर तो मोठा मान. मराठीत त्याला खास शब्द आहे, प्यादेमात. सगळ्यात दुबळ्या मोहऱ्याने राजाला धरायचं, यात मात करणाऱ्याचं कसब आणि हरणाऱ्याची नामुष्की दोन्ही आलं.

दुसरा संकेत बुर्जीचा. समोरच्याचे सगळे मोहरे मारले आणि नुसता राजा उरला, तर बऱ्याच ठिकाणी त्याला पूर्ण विजय मानत नसत. डाव बुर्जी झाला, म्हणजे जिंकणाऱ्याच्या हातून विजय निसटला, किंवा अर्धाच मिळाला. त्यामुळे खाऊन टाकण्यापेक्षा राखून ठेवणं शहाणपणाचं ठरायचं. समोरच्याचा एखादा मोहरा जिवंत ठेवून मात करायची, म्हणजे हिशेब अवघडच.

यातून काय दिसतं? त्या काळच्या कोड्यात ‘किती चालींत’ यापेक्षा ‘कोणत्या मोहऱ्याने’ आणि ‘काय राखून’ हे प्रश्न मोठे होते. आज संगणकाच्या भाषेत बोलायचं तर खेळ साधारण तोच, पण मोजमाप वेगळं. मोजमाप बदललं की ‘सर्वोत्तम’ चाल बदलते. हत्तीने दोन चालींत होणारी मात सोडून प्याद्याने आठ चालींत केलेली मात तेव्हा श्रेष्ठ ठरली असती. ती माणसं कमी हुशार होती म्हणून नाही. त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला होता.

प्रत्यक्ष स्पर्धेत आजही लवकर मातीला वेगळे गुण नाहीत. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा कोणता डाव किती चालींत संपला यावर काही ठरलं नाही. जिंकलं की जिंकलं. ‘सगळ्यात लवकर’ हा प्रश्न कोड्याचा आहे, डावाचा नाही.

चालींची संख्या कुठून आली?

मध्ययुगीन युरोपात कोड्यांवर पैजा लागायच्या. पट मांडून बसणारा म्हणायचा, तीन चालींत मात करून दाखव, आणि पैसे लाव. पैज म्हटली की अट काटेकोर हवी, नाहीतर भांडण. म्हणून तेराव्या शतकापासूनच्या संग्रहांत चालींची संख्या ठरवून दिलेली दिसते, कधी कधी ‘त्याच चालीला, ना आधी ना नंतर’ अशा अर्थाची अटही. इथे संख्या आली, पण ती अजून ‘कमीत कमी’ नव्हती. ती पैजेची अट होती.

पुढचा टप्पा पुन्हा भारतातून गेला. १८४५ मध्ये हॉवर्ड स्टाँटन यांच्या लंडनच्या बुद्धिबळ मासिकात दिल्लीहून आलेलं एक कोडं छापलं गेलं. पाठवणाऱ्याने टोपणनाव घेतलं होतं, ‘शागिर्द’. खरं नाव हेन्री लव्हडे, इंग्रज पाद्री. अट: पांढऱ्याने चार चालींत मात. वाचक हैराण झाले, कारण उकल वरवर उलट्या दिशेची होती. पांढरा आपला उंट लांब मागे नेतो, मग त्याच रेषेत मध्ये हत्ती आणून ठेवतो. कशासाठी? काळ्याची जिच होऊ नये म्हणून. काळ्याच्या राजाला हलायला एक घर मिळतं, आणि पुढच्या चालीला हत्ती बाजूला झाला की उंटाचा शह उघडतो, तिथेच मात.

जिच हा शब्द आपल्याला वाटाघाटींमुळे जास्त माहीत आहे, पण मूळ खेळातला आहे: शह नाही, आणि हलायला जागाही नाही. लवकर मात करायच्या घाईत काळ्याला पूर्ण कोंडलं की जिच होते आणि हातातला डाव जातो. म्हणून सगळ्यात जलद वाट ही कधी कधी मागे जाऊन पुढे येणारी असते. या एका कोड्यावर योहान्स कोट्झ आणि कार्ल कोकेलकोर्न या जर्मन जोडीने १९०३ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. ‘भारतीय कोडं’ हेच नाव बुद्धिबळाच्या शास्त्रात रूढ झालं.

याच शतकात कोडी रचणाऱ्यांनी स्वतःला शिस्त लावून घेतली. सांगितलेल्या संख्येपेक्षा लवकर मात निघाली तर कोडं बाद. पहिली चाल दोन प्रकारे करता आली तरी कोडं सदोष. म्हणजे रचणाऱ्यावर दोन जबाबदाऱ्या आल्या: उकल दाखवायची, आणि बाकी सगळ्या वाटा बंद आहेत हे तपासायचं. ‘कमीत कमी’ हा दावा इथे खऱ्या अर्थाने जन्मला.

एक पट मांडून बघा

आता हाताने करून बघू. काळ्याचा फक्त राजा, एच८ वर. पांढऱ्याचा राजा एफ६ वर, हत्ती ए१ वर. पांढऱ्याची चाल. कमीत कमी किती चालींत मात?

दोन चालींत होते हे दाखवणं सोपं आहे. राजा जी६ वर आणा. काळ्याला जी८ हे एकच घर उरतं. मग हत्ती ए८ वर, मात. म्हणजे उत्तर दोन किंवा त्याहून कमी.

एका चालीत का नाही? पांढऱ्याच्या कायदेशीर चाली मोजा. हत्तीच्या चौदा: सात उभ्या, सात आडव्या. राजाच्या सात, कारण आठ शेजारघरांपैकी जी७ काळ्या राजाला लागून आहे. एकूण २१. प्रत्येक तपासायची का? नाही. मात व्हायला आधी शह लागतो, आणि या २१ पैकी शह देणाऱ्या चाली दोनच आहेत: हत्ती ए८ किंवा हत्ती एच१. उरलेल्या १९ एका वाक्यात बाद. ए८ वर शह दिला तर काळा राजा एच७ वर निसटतो. एच१ वरून दिला तर जी८ वर. झालं. एका चालीत मात नाही, म्हणून उत्तर नेमकं दोन.

या छोट्या उदाहरणात दाव्याचे दोन्ही अर्धे दिसतात. पहिल्या अर्ध्याला एक वाट लागली. दुसऱ्याला सगळ्या २१ चालींबद्दल बोलावं लागलं, पण ‘शह नाही तर मात नाही’ या एका निरीक्षणाने काम जवळजवळ संपलं. संशोधनातही खालची मर्यादा सिद्ध करायची तर सगळं एकेक करून तपासणं हा शेवटचा उपाय. आधी असं एखादं निरीक्षण शोधायचं, जे शेकडो शक्यता एकदम बाद करतं.

आणखी एक बघा. पहिली चाल राजा एफ७ केली तरी काळ्याला एच७ वरच जावं लागतं आणि हत्ती एच१ वर येऊन मात होते. म्हणजे उत्तर ‘दोन’ पक्कं आहे, पण वाटा दोन आहेत. कोडं म्हणून हा पट बाद. गणित म्हणून अगदी बरोबर. ‘किमान किंमत’ एकच असते, ती गाठायच्या वाटा अनेक असू शकतात. हा फरक मुलाखतीत हमखास विचारला जातो, लक्षात ठेवा.

यंत्र जिंकतं, पण लवकर नाही

१९१२ मध्ये स्पेनच्या लेओनार्दो तोरेस इ केवेदो यांनी एक यंत्र बनवलं. यंत्राकडे राजा आणि हत्ती, समोरच्या माणसाकडे फक्त राजा. म्हणजे आपल्या वरच्या पटासारखंच. विजेवर चालणारं हे यंत्र स्वतः चाली करायचं आणि मात करायचंच. पण ते सगळ्यात लवकर मात करत नसे. त्याचे नियम मोजके आणि ठरावीक होते. काही स्थितींत पन्नासहून जास्त चाली लागायच्या. आज आपल्याला माहीत आहे की राजा-हत्ती विरुद्ध राजा यात पांढऱ्याची चाल असेल आणि हत्ती लगेच मारला जाणार नसेल, तर कुठल्याही स्थितीतून जास्तीत जास्त १६ चालींत मात होते.

तोरेस यांचं यंत्र कमी दर्जाचं होतं का? अजिबात नाही. ‘नक्की जिंकणं’ आणि ‘सर्वात लवकर जिंकणं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांनी पहिला सोडवला.

त्याच सुमारास, १९१३ मध्ये, जर्मन गणिती एर्न्स्ट झर्मेलो यांनी दुसऱ्या प्रश्नाला हात घातला. जिंकता येणारी स्थिती असेल तर किती चालींच्या आत जिंकता येईल? त्यांचं म्हणणं असं की ही संख्या शक्य असलेल्या स्थितींच्या संख्येपेक्षा जास्त होणार नाही. त्यांच्या युक्तिवादात एक फट राहिली होती. ती १९२७ मध्ये हंगेरीचे देनेश केनिग यांनी दाखवली आणि मग ती बुजवली गेली. चौदा वर्षं. निष्कर्ष बरोबर होता, पण सिद्धता अपुरी होती. गणितात या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात, आणि तुमच्या विषयातही मोजायला हव्यात.

१९५१ मध्ये मँचेस्टरला डीट्रिश प्रिंझ यांनी फेरांटी संगणकावर ‘दोन चालींत मात’ शोधणारा प्रोग्रॅम चालवला. तो शक्य त्या सगळ्या चाली तपासायचा. एका कोड्याला सुमारे पंधरा मिनिटं लागली. संगणक छोटा, म्हणून किल्लेकोट, प्याद्याची बढती अशा गोष्टी सोडून दिल्या होत्या. इथेही तेच: उत्तर बरोबर, पण काटछाट केलेल्या नियमांपुरतं.

शेवटापासून मागे

खरी उलथापालथ केली ती मागून पुढे येण्याच्या कल्पनेने. आधी मात झालेल्या सगळ्या स्थितींची यादी करायची. त्यांच्यावर ‘शून्य’ लिहायचं. मग ज्या स्थितींतून पांढरा एका चालीत त्यांपैकी एकीवर पोचतो, त्यांच्यावर ‘एक’. मग ज्या स्थितींत काळ्याची प्रत्येक चाल अशा खूण केलेल्या स्थितीकडेच नेते, त्या पकडायच्या. असं मागे मागे जात राहायचं, नवीन खूण करायला काही न उरेपर्यंत. पांढऱ्याला एक चांगली चाल पुरे, काळ्याच्या मात्र सगळ्या चाली वाईट असाव्या लागतात. सगळा हिशेब या फरकावर उभा आहे. या पद्धतीत दोन्ही अर्धे एकदम सिद्ध होतात: ज्या स्थितीवर ‘पाच’ आलं, तिच्यावर ‘चार’ आलं नाही, म्हणजे चारमध्ये मात नाहीच.

१९७० मध्ये म्युनिकला टोमास श्ट्रोलाइन यांनी आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात राजा-हत्ती, राजा-वजीर अशा छोट्या शेवटांसाठी हे करून दाखवलं. वरचा १६ चा आकडा या मोजणीतून पक्का होतो; वजीर असेल तर १०. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू जे शेवट डोळे मिटून खेळत होते, त्यांचं ‘कमीत कमी’ सिद्ध झालं एका पीएचडीच्या विद्यार्थ्याकडून. ‘इतकं साधं काय करायचं’ म्हणून विषय टाकून देताना हे आठवा.

२०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव्ह संगणकावर पटावर सात मोहरे असलेल्या स्थितींपर्यंत ही मोजणी पोचली. त्यात एक स्थिती अशी निघाली, जिच्यात दोन्ही बाजूंनी अचूक खेळलं तर मातीला ५४९ चाली लागतात. मात्र स्पर्धेच्या नियमाप्रमाणे पन्नास चालींत कोणी मोहरा मारला नाही आणि प्यादं हललं नाही, तर बरोबरी मागता येते. मग ही स्थिती ‘जिंकलेली’ की नाही? पुन्हा नियमांकडेच यावं लागतं.

याहून महत्त्वाची गोष्ट: आज जगभर सर्वांत जास्त वापरले जाणारे सिझिजी तक्ते ‘मातीपर्यंत किती चाली’ हे सांगतच नाहीत. ते मोजतात पुढच्या माराला किंवा प्याद्याच्या चालीला किती अवकाश आहे ते, कारण पन्नास चालींच्या नियमात तेच उपयोगी पडतं आणि साठवायला जागाही कितीतरी कमी लागते. त्यांच्या सांगण्यावरून खेळलात तर जिंकाल, पण सगळ्यात लवकर मात होईलच असं नाही. हाताशी असलेलं साधन नेमकं काय मोजतं हे न पाहता त्याच्या आकड्याला ‘किमान’ म्हणणं चुकीचं ठरेल.

आणि पट मोठा केला तर? १९८१ मध्ये फ्रँकेल आणि लिक्टेनस्टाइन यांनी सिद्ध केलं की कितीही मोठ्या पटावरच्या बुद्धिबळात ‘कोण जिंकणार’ हे ठरवायला लागणारा वेळ वाईटात वाईट स्थितीत पटाच्या आकाराबरोबर घातांकी वाढतो. एखादी सोपी युक्ती अजून कोणाला सुचली नाही म्हणून नव्हे, तर सगळ्या स्थितींना लागू पडणारी अशी युक्ती असूच शकत नाही म्हणून.

तुमच्या कामात हे कुठे येतं?

‘किमान’, ‘कमाल’, ‘सर्वोत्तम’, ‘सगळ्यात जलद’ यांपैकी कोणताही शब्द लिहिण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा.

१. नियम कोणते धरले आहेत, आणि ते वाचणाऱ्याला पहिल्या पानावर दिसतात का?
२. मोजतोय काय? चाली, वेळ, पैसा, की प्यादेमातीसारखा एखादा वेगळा मान?
३. इतक्यात होतं, हे दाखवलं. त्याहून कमीत होत नाही, हे कुठे दाखवलं?
४. वापरलेलं साधन तेच मोजतं का, जे आपण मोजतोय?

तिसऱ्याचं उत्तर नसेल तर काही बिघडत नाही. ‘सर्वोत्तम’ खोडा आणि ‘आतापर्यंत सापडलेल्यांत उत्तम’ लिहा. तोरेस यांच्या यंत्राने एवढंच केलं होतं आणि त्याचं नाव शंभर वर्षांनंतरही निघतं.

जाता जाता गृहपाठ. वरच्या पटावर पांढऱ्याचा राजा एफ६ ऐवजी एफ५ वर ठेवा, बाकी सगळं तसंच. कमीत कमी किती चालींत मात? वाट लिहाच, पण त्याखाली ‘यापेक्षा कमी का नाही’ यासाठी चार ओळीही लिहा. वेळ लागेल तो त्या चार ओळींनाच.